केळीच्या खोडात कोण राहतं?

नमस्कार मंडळी. विषय ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका, आजचा विषय आहे ‘मी’. म्हणजे मी नव्हे हो, आपल्या प्रत्येकाच्या आत जो ‘मी, मी’ करत बसलेला असतो ना, तो. त्याच्यावर मोठमोठ्या लोकांनी अडीच हजार वर्षं डोकं खाजवलंय, पण आपण सुरुवात रावेरकडच्या केळीच्या बागेतून करू, कारण मला हा विषय पहिल्यांदा तिथंच भेटला, कॉलेजात फार नंतर.

चौथी-पाचवीत असेन. वादळानं आमची बाग आडवी केलेली, अजून निसवलीही नव्हती, म्हणजे घडही बाहेर पडले नव्हते, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली आणि मी मात्र विळा घेऊन एक पडलेलं खोड सोलत बसलो, म्हटलं एवढं जाड आहे तर आत काहीतरी टणक असेलच की. एक पदर काढला, दुसरा काढला, दहावा काढला, हात चिकट, शर्टावर डाग (केळीच्या चिकाचा डाग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आणि आई काय म्हणाली तेही नको), आणि शेवटी हातात काय, तर एक कोवळं गुंडाळलेलं पान. आमचे सालदार बाबा बघत होते. म्हणाले, "काय शोधून राह्यला रे भाऊ?" म्हटलं, आतलं लाकूड. ते हसले, "अरे ते खोड नाही, ते सारे पानंच आहेत. खोड त खाली मातीत आहे."

पुढे बऱ्याच वर्षांनी संयुत्त निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातलं एक सुत्त, म्हणजे प्रवचन, वाचलं आणि मी उडालोच. बुद्ध तिथं म्हणतात, एक माणूस कुऱ्हाड घेऊन रानात जातो, त्याला गाभ्याचं लाकूड हवंय, समोर सरळसोट केळ दिसते, तो ती तोडतो, शेंडा छाटतो, पदर सोलत जातो, आणि त्याला साधं नरम लाकूडही मिळत नाही, गाभा तर लांबच राहिला. ही उपमा त्यांनी संस्कारांना, म्हणजे आपल्या मनाच्या घडणीला दिलीय. शरीर फेसासारखं, वेदना, म्हणजे सुखदुःखाचा अनुभव, बुडबुड्यासारखी, संज्ञा, म्हणजे वस्तू ओळखणं, मृगजळासारखी, आणि विज्ञान, म्हणजे इथं जाणीव, जादूगाराच्या खेळासारखं. पाचही सोलून बघा, ‘मी’ नावाचा गाभा कुठेच नाही.

आणि गंमत बघा, तिकडे स्कॉटलंडमध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, वय तिशीच्याही आत, १७३९ मध्ये पुस्तक छापतो आणि तेच म्हणतो, की मी माझ्या आत डोकावतो तेव्हा कधी ऊन लागतं, कधी थंडी, कधी राग, कधी प्रेम, पण या सगळ्यांशिवाय नुसता ‘मी’ कधी सापडतच नाही. त्याच्या शंभर वर्षं आधी, १६३७ मध्ये, फ्रान्सचा देकार्त बजावून गेला होता की सगळ्यावर शंका घ्या, पण शंका घेणारा तर आहेच ना, मी विचार करतो म्हणजे मी आहे. ह्यूमचं म्हणणं एवढंच की विचार दिसला, करणारा कुठे दिसला?

आता इथं मला सालदार बाबा आठवतात. खोड खाली मातीत आहे! शास्त्रानंही बाबा बरोबरच, केळीचं जे आपण खोड म्हणतो ते पानांच्या बुडांची गुंडाळी, खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. उपनिषदवाले याच बाजूचे. याज्ञवल्क्य मैत्रेयीला विचारतात, जो सगळं जाणतो त्याला कशानं जाणायचं? म्हणजे पदर सोलताना सापडत नाही कारण विळा धरणारा तोच आहे. युक्तिवाद भारी आहे, मला आवडतो, पण खरं सांगू, पूर्ण पटत नाही. कंद निदान खणून तरी दाखवता येतो.

आणि कंदही टिकत नाहीच की. एकदा घड दिला की त्या झाडाचं काम संपलं, बाजूचं पिल वाढतं, पिलबाग होते. मग पिलबाग म्हणजे तीच बाग का दुसरी? मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात जवळपास हाच प्रश्न येतो, तिथं आंबे आहेत. एकानं आंबे चोरले, धरल्यावर म्हणतो, याने लावला तो आंबा वेगळा, मी खाल्ले ते वेगळे, मी चोर कसा? नागसेन म्हणतात, वेगळे असले तरी त्याच्यापासूनच आले ना, म्हणजे चोर तो चोरच. ‘तोच’ नाही, पण नातं सुटलेलं नाही.

इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक, त्यानं आपल्या पुस्तकाच्या १६९४ च्या आवृत्तीत दुसरा तोडगा काढला, की जिथवर आठवण जाते तिथवर मी. त्यावर १७८५ मध्ये स्कॉटलंडचाच थॉमस रीड म्हणाला, थांबा. एका पोरानं फळबागेत चोरी केली म्हणून शाळेत फटके खाल्ले, तरुणपणी त्यानं लढाईत शत्रूचा झेंडा पळवला, म्हातारपणी तो जनरल झाला. झेंडा पळवताना फटके आठवत होते, जनरल झाल्यावर झेंडा आठवतो पण फटके साफ विसरला. मग लॉकच्या हिशोबानं जनरल म्हणजे तो पोरगा, आणि नाहीसुद्धा! (या तत्त्वज्ञांना फळचोरी इतकी का आवडते कोण जाणे.)

माझंही एक आहे. चार वर्षांचा असताना मी शेजारच्या वावरातून पेरू चोरले म्हणे. मला काडीचं आठवत नाही. पण आत्या दर लग्नात सांगते, सगळे हसतात, आणि साठी ओलांडलेला मी लाजतो. आठवत नाही तर लाजतो कशाला? लॉककडे याचं उत्तर नाही. मला वाटतं, माझा थोडा ‘मी’ आत्याकडे ठेवलेला आहे.

आपल्या मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेले योगी अशी त्यांची कथा, ते ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडले. चिरंजीव लिहावं तर समोरचा ज्ञानानं मोठा, तीर्थरूप लिहावं तर वयानं पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिलं, की तू आणि मी मुळात वेगळे नाहीच, आरसा नसला तरी तोंड असतंच. उत्तर थोर आहे, पण माझा जीव त्या कोऱ्या कागदावर अडकतो. एवढा मोठा योगी, आणि समोरचा आपला कोण हे ठरेना म्हणून एक अक्षर उमटलं नाही.

परवा गावाला एस्टीतून उतरलो. पारावर एक आजोबा, डोळ्यांवर हात धरून विचारतात, "कोनाचा पोऱ्या रे तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "अरे, तो पेरूवाला का!"