पडदा कधी विझतो, कोण विझवतो

(बडोद्यात दांडिया बाजार परिसरात मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मी संगणक दुरुस्तीचं काम केलं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीपासून रावपुऱ्यातल्या सीएंच्या ऑफिसांपर्यंत सगळीकडे एक समज हमखास भेटायचा: स्क्रीनसेव्हर (संगणक नुसता पडून असला की पडद्यावर आपोआप येणारी हलती चित्रं किंवा काळोख) लावला की वीज वाचते. आपल्या नेहमीच्या मॉनिटरवर ती जवळजवळ वाचतच नाही. आज बोलायचंय ते त्यावरच.

जुन्या काचेच्या मॉनिटरपासून सुरू करू. त्यात मागून इलेक्ट्रॉनचा झोत येई आणि काचेच्या आतल्या बाजूला दिलेल्या फॉस्फरच्या लेपावर आपटे. जिथे आपटला तिथे उजेड. तोच उजेड त्याच जागी महिनोन्‌महिने राहिला की तेवढा फॉस्फर थकतो आणि कमी प्रकाश देऊ लागतो. नंदेसरीच्या बाजूच्या कारखान्यांत कंट्रोल रूममधले हिरव्या अक्षरांचे टर्मिनल ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. टाक्यांची पातळी, दाब, तापमान ही शीर्षकं वर्षानुवर्षं एकाच ओळीत. आकडे बदलायचे, शीर्षकं हलायची नाहीत. मशीन बंद केलं तरी काचेवर ती पुसट वाचता यायची. त्याला उपाय नव्हता, ट्यूबच बदलावी लागे.

यावरचा इलाज अगदी साधा निघाला. जॉन सोचा नावाच्या प्रोग्रॅमरने 1983च्या डिसेंबरमध्ये ‘सॉफ्टटॉक’ मासिकात आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्रॅम छापला. तीन मिनिटं कीबोर्डला कोणी हात लावला नाही की पडदा काळा. बस, एवढंच. मासे नाहीत, तारे नाहीत. पुढे नॉर्टन कमांडर हा फाइली हाताळायचा प्रोग्रॅम लिहिला तोही याच माणसाने. त्याहीआधी, 1979 सालच्या अटारीच्या घरगुती संगणकांत काही मिनिटांनी पडद्याचे रंग आपोआप बदलत राहायचे. हेतू तोच.

मग आली करमणूक. 1989च्या ‘आफ्टर डार्क’ या स्क्रीनसेव्हरमध्ये पंख लावलेले टोस्टर उडायचे आणि लोक ते पैसे देऊन विकत घ्यायचे. विंडोज 3.1 मध्ये तारे आले, धावती अक्षरं आली. त्या धावत्या अक्षरांत देवनागरीची सोय नव्हती, म्हणून आपल्याकडे रोमन लिपीतलं ‘श्री गुरुदेव दत्त’ उजवीकडून डावीकडे पळताना मी कितीतरी काउंटरांवर पाहिलंय! विंडोज एनटीबरोबर त्रिमितीतले पाइप आले. ते पाइप जोडत बसायला प्रोसेसरला घाम फुटायचा. म्हणजे नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला असता तर कमी वीज गेली असती.

विजेचा विचार वेगळ्या वाटेने आला. सतरा इंची काचेचा मॉनिटर 80-100 वॅट खायचा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 1992 साली कमी वीज खाणाऱ्या यंत्रांना द्यायचं एनर्जी स्टार हे चिन्ह काढलं आणि पुढच्याच वर्षी व्हेसा या संस्थेने मॉनिटरला झोपवण्याची पद्धत ठरवून दिली. ती मला फार आवडते, कारण त्यासाठी वेगळी तारसुद्धा लागली नाही. मॉनिटरकडे दोन ताल जातातच: एक आडव्या ओळींचा, एक उभ्या फ्रेमचा. आडवा थांबवला तर ‘स्टँडबाय’, उभा थांबवला तर ‘सस्पेंड’, दोन्ही थांबवले तर ‘ऑफ’. मॉनिटर एवढ्यावरून ओळखतो आणि आतले भाग बंद करतो. आताच्या डिजिटल केबलवर तपशील बदलला, पण मुद्दा तोच राहिला: सिग्नल थांबला की मॉनिटर झोपतो. स्क्रीनसेव्हर चालू असेल तर सिग्नल थांबतच नाही, मग मॉनिटर झोपणार कसा?

आता आपल्या टेबलावरचे एलसीडी पाहा. यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देत नाही. मागे एलईडीचा दिवा असतो, पुढचे ठिपके तो अडवतात किंवा सोडतात. काळा स्क्रीनसेव्हर लावला तरी मागचा दिवा चालूच. दिवा लागलेल्या खोलीचा पडदा ओढला म्हणून मीटर थांबत नाही. हिशोब करा. तीस मॉनिटर, प्रत्येकी 20 वॅट, संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ: एका रात्रीत 9 युनिट, कोणी न बघणाऱ्या माशांसाठी.

विंडोजमध्ये दोन घड्याळं वेगवेगळी चालतात, स्क्रीनसेव्हरचं एक आणि पडदा विझवण्याचं दुसरं. पडदा पाच मिनिटांनी विझणार असेल आणि स्क्रीनसेव्हर दहावर लावला असेल, तर तो कधी दिसणारच नाही. लोक म्हणतात, ‘बिघडला’. बिघडलेलं काही नसतं. माझ्या मते स्क्रीनसेव्हरचं एकच काम उरलंय: परत आल्यावर पासवर्ड मागण्याची खूण. तेही विंडोज आणि एल ही दोन बटणं दाबून होतं. नेटवरून नवे स्क्रीनसेव्हर तर उतरवूच नका. एससीआर शेपटीची ती फाइल चित्र नसते, पूर्ण प्रोग्रॅम असतो. याच वेषात ईमेलमधून कितीतरी व्हायरस घरात आले.

पण जुना रोग परत आलाय, तो ओलेड पडद्यावर. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, म्हणून काळा खरोखर बंद आणि तिथे वीज वाचते. पण ते सेंद्रिय पदार्थ झिजतात, निळा सगळ्यात आधी. खालची टास्कबार दिवसभर एका जागी राहिली की तिची छाया उमटते. ती आपोआप लपेल असं करून ठेवा. हे पडदे स्टँडबायमध्ये असताना स्वतःची दुरुस्तीफेरी चालवतात. त्यामुळे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपली चांगली सवय इथे नडते. घरात हे कोणाला पटवून देणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे.

‘स्लीप’बद्दल थोडक्यात. स्लीपमध्ये मेमरीला वीज लागत राहते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि लाइट गेली, तर न साठवलेलं काम जाऊ शकतं. हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद होतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमचा पीसी दहा मिनिटांवर लावलाय, पण पडदा कधी विझतच नाही.)

हा प्रश्न बहुतेक ठिकाणी येतो. मशीनला तुम्ही खुर्चीत आहात की नाही हे बहुधा कळत नाही. शेवटचं बटण किंवा माऊस कधी हलला, तेवढंच ते मोजतं. तुम्ही समोर बसून मन लावून वाचत असाल तर त्याच्या लेखी तुम्ही घरी गेलात. उलट, व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम विंडोजला सांगून ठेवतो की पडदा विझवू नकोस. ब्राउझरच्या मागच्या टॅबमध्ये काही चालू राहिलं की तसंच होऊ शकतं. कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, जागा सोडून डॅश, लगेच रिक्वेस्ट्स (powercfg -requests) असं टाइप करा. पडदा कोणी अडवून धरलाय त्याची यादी येते. नाव दिसलं तर तो प्रोग्रॅम बंद करा. यादी रिकामी असेल तर माऊसखाली बघा. काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर ऑप्टिकल माऊस हात न लावताही जरा जरा सरकल्याची नोंद देतो आणि दर वेळी घड्याळ शून्यावर जातं. खाली माऊसपॅड घाला, नाहीतर दहा मिनिटं माऊस उलटा ठेवून बघा.