खाटेशेजारचे गाणे

श्रोतेहो, नमस्कार.

सारा जिल्हा ज्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणतो ते आपले शासकीय रुग्णालय असो किंवा सोलापुरातले एखादे खाजगी रुग्णालय असो, तिथे दाखल झालेल्या माणसाला आजाराखेरीज आणखी एक त्रास होत असतो आणि त्याची नोंद केसपेपरवर सहसा होत नाही. उद्या शस्त्रक्रिया आहे म्हणून डोळ्याला डोळा लागत नाही, राउंडला आलेले डॉक्टर आपसांत इंग्रजीत काय बोलून गेले ते कळलेले नसते, घरी विड्या वळण्याचे किंवा मागावरचे काम बंद पडून आठवड्याची मजुरी बुडत असते, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रीतून गेलेला असतो. मनाच्या या घाबरेपणावर खाटेजवळ बसून प्रत्यक्ष केलेल्या गायनवादनाचा कितपत उपयोग होतो, आणि तो व्हावा म्हणून गाणाऱ्याने कोणती पथ्ये पाळावीत, याविषयी आज बोलायचे आहे.

हा विचार नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्ण आणि संगीत यांबद्दल थोडे पण नेमके लिहिले आहे. मानवी आवाज, फुंकून वाजवायची वाद्ये आणि सूर लांबवता येणारी तंतुवाद्ये रुग्णाला बहुधा सुखावतात, पियानोसारखे तुटक सुरांचे वाद्य मात्र उलट परिणाम करते, असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्याकडच्या तानपुऱ्याचा, बासरीचा किंवा पेटीच्या धरून ठेवलेल्या षड्जाचा विचार केला, तर हे म्हणणे लगेच पटते. त्याच ठिकाणी त्यांनी असेही म्हटले आहे की संगीत महाग असल्यामुळे त्याचा सर्रास वापर शक्य नाही. सोलापुरापुरती तरी ही अडचण मी मानणार नाही. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे पेठेपेठेत भजनी मंडळ आहे आणि तिथे गाणारी माणसे मानधन विचारून येत नाहीत.

आता पुराव्याकडे वळू. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेल्या सत्तरहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. संगीत ऐकलेल्या रुग्णांची चिंता आणि वेदना कमी झाल्या आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी लागली, असे त्यात दिसले. मात्र रुग्णालयातला मुक्काम त्यामुळे लवकर संपला नाही. हा शेवटचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण संगीताने आजार पळतो अशी भाषा आपल्याकडे फार लवकर सुरू होते. ‘अमुक राग ऐका, रक्तदाब उतरेल’ अशी कोष्टके फिरत असतात, परंतु एकेका रोगाला एकेक राग नेमून देण्याइतका भरवशाचा पुरावा उपलब्ध नाही. जे सिद्ध झाले आहे ते साधे आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने तेवढेही पुष्कळ आहे.

त्या आढाव्यातले बरेचसे संगीत ध्वनिमुद्रित होते. प्रत्यक्ष गाण्याने काही वेगळे घडते का, हे १९८३ साली अमेरिकेत रुग्णालयातल्या पन्नास कर्करोगग्रस्तांवर तपासले गेले. निम्म्यांपुढे प्रत्यक्ष गायन झाले, उरलेल्यांना त्याच गायिकेची तीच गाणी टेपवर ऐकवली गेली. ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले त्यांचा मानसिक ताण अधिक उतरला. २००३ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातून आलेला अभ्यास मूळपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपणाच्या ६९ रुग्णांचा होता. या उपचारात संसर्गाच्या भीतीने रुग्णाला कित्येक दिवस एकट्याने खोलीत राहावे लागते. ज्यांच्याकडे संगीतोपचारक जाऊन गात-वाजवत असे, त्यांच्या मनःस्थितीतील एकूण बिघाड इतरांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी भरला.

असे का व्हावे? माझ्या मते गाणे गोड असते एवढे कारण पुरेसे नाही. टेप रुग्णाकडे पाहत नाही, गाणारा पाहू शकतो. रुग्णाचा श्वास जलद चालला असेल तर कसलेला संगीतोपचारक त्याच गतीजवळची लय धरतो, आणि श्वास आपल्याबरोबर येतो आहे असे दिसले की हळूहळू विलंबिताकडे सरकतो. रुग्णाने कपाळाला आठी घातली तर सुराची पट्टी खाली आणतो, डोळे मिटले तर शब्द सोडून नुसता सूर ठेवतो, आणि हात हलला तर थांबतो. ज्याच्या हातात ना जेवणाची वेळ आहे ना सुई टोचण्याची, त्याला दिवसभरात एक तरी गोष्ट स्वतः ठरवायला मिळते. म्हणून मैफल गाजवणारा गायक इथे उपयोगी पडेलच असे नाही. तानांची सवय झालेल्या गळ्याला गप्प बसणे फार जड जाते.

काय गावे, हे रुग्णालाच विचारावे. आपल्या वॉर्डात बार्शीचा शेतकरी असतो, पूर्व भागातली तेलुगू बोलणारी विडी कामगार असते, अक्कलकोटकडचे कन्नड कुटुंब असते आणि दख्खनी बोलणारी आजीही असते. मराठी अंगाई, तेलुगू जोलपाट आणि कन्नड जोगुळ ही तिन्ही पाळणागीते एकाच मजल्यावरच्या आयांना येत असतात. सगळ्यांना एकच अभंग ऐकवून निघून जाणे सोपे आहे, पण त्यात एक धोका आहे आणि तो बाहेरच्या अभ्यासकांना सुचणार नाही. आपल्या घरांतून माणसाच्या शेवटच्या घटकेला भजन म्हणण्याची रीत आहे. टाळ घेऊन चार माणसे खाटेभोवती उभी राहिली, तर ‘माझे आटोपले की काय’ असे रुग्णाच्या मनात येणे अगदी साहजिक आहे. म्हणून भजन मागितल्याशिवाय गाऊ नये. जुने चित्रपटगीत, एखादे भावगीत, फार तर नुसती धून यांपासून सुरुवात करणे बरे. खेड्यातली वयस्कर बाई असेल तर आपण गाण्याऐवजी तिला जात्यावरच्या ओव्या विचाराव्यात; एक आठवली की दुसरी येते, आणि मग सतरंजीवर बसलेली तिची लेकही सुरात सूर मिसळते. रुग्ण स्वतः गाऊ लागला तर पाहुण्या गायकाने ती ओवी धरून मागे राहावे. गाता गाता कोणाला रडू कोसळले तर घाबरून जाऊ नये, पण त्या माणसाला तसेच सोडून पुढच्या खाटेकडेही जाऊ नये. तिथे थांबावे आणि सिस्टरना सांगावे.

आणखी एक गोष्ट आपल्या गावात स्पष्ट सांगावी लागते: माइक आणि स्पीकर दाराबाहेर ठेवावेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि अशा क्षेत्रातली मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. मिरवणुकांच्या दिवसांत त्याचे काय होते ते आपण सगळे जाणतो. तसेच मोबाइलवर चित्रीकरण नको, बॅनर नको आणि रुग्णाचा हात धरून काढलेले छायाचित्रही नको.

ज्यांना हे करावेसे वाटते त्यांनी आधी अधीक्षकांची परवानगी घ्यावी आणि मग वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेला विचारून वेळ ठरवावी. डॉक्टरांचा राउंड आणि मलमपट्टी उरकल्यानंतरची वेळ सहसा सोयीची असते. दोघांहून अधिक जणांनी जाऊ नये, हात धुवावेत, एका खाटेशी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. पेटीचा भाता आतून धुता येत नाही आणि बासरीत फुंकर मारावी लागते, त्यामुळे क्षयरोगाच्या किंवा अतिदक्षता विभागात ही वाद्ये नेऊ नयेत; तिथे डॉक्टरांनी होकार दिला तरच, आणि तोही नुसत्या आवाजाने, गावे. नवख्यांनी अस्थिरोग वॉर्डापासून सुरुवात करावी असे मी सुचवेन, कारण तिथला रुग्ण पाय वजनाला टांगून बरेच दिवस पडून असतो, बहुधा पूर्ण शुद्धीत असतो, आणि गाणे आवडले नाही तर तसे तोंडावर सांगण्याइतकी ताकद त्याच्यात असते.