कपाळावरचं मेण

अध्यक्षमहोदय आणि मंडळी,

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ऑगमेंटेड रिॲलिटी : सर्जनचा तिसरा डोळा' असं छापलंय. हे शीर्षक माझं नव्हे. तिसरा डोळा उघडला की समोरच्याचं काय होतं ते आपल्याला पुराणांतून ठाऊक आहे. ऑपरेशन थिएटरात तसलं काही व्हायला नको. (हशा) मी मणक्यांचा सर्जन. मला पाऊण तास दिला होता, त्यातला बराचसा शाल-श्रीफळात गेला. तेव्हा सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. नाहीतरी राहतंच.

ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणजे काय? ऑपरेशनआधी पेशंटचा सीटी स्कॅन काढतो. त्यावरून मणक्याचं त्रिमित चित्र तयार होतं. ते चित्र सर्जनच्या चष्म्यात असं दाखवायचं, की पेशंटच्या पाठीवरच, नेमक्या जागी उमटल्यासारखं वाटावं. कातडी, स्नायू मध्ये असताना खालचं हाड दिसावं. कल्पना एवढीच आहे. लोक मला चष्म्याबद्दल विचारतात. किती जड, कितीला पडतो, नंबर असलेल्यांना चालतो का. माझं म्हणणं, चष्मा राहू द्या बाजूला. खरी कला बेतण्यात आहे. शिंपी कापडावर खडूनं रेघ मारतो ना, ते बेतणं. कात्री नंतर.

आणि बेतण्यातला माझा आवडता गुरू पुण्याचा आहे. ज्यांनी ही गोष्ट माझ्याकडून आधी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका माणसाचं चित्र आणि पत्र छापून आलं. माणसाचं नाव कावसजी. नाव पारशी वाटतं, पण पत्रात तो शेतकरी जातीतला मराठा म्हटलाय. इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. असं ऑपरेशन मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्याची कृती नीट लिहिलेली सापडते.

कृती बघा. मेणाची पातळ चकती घेतली. ती नाकाच्या खुंटावर बसवून, दाबून, चांगलं दिसेल असं नाक घडवलं. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ मारली. मेणाचं काम संपलं. रेघेच्या आतली कपाळाची कातडी सोडवली, फक्त दोन भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवली, रक्त चालू राहावं म्हणून. कातडी फिरवून खाली आणली, खुंटाच्या कडेला खाच करून बसवली. वर काय लावलं? कात! पाण्यात मऊ केलेला कात, कापडाच्या पाच-सहा पट्ट्यांवर. पान खाणाऱ्यांनी उगाच खूश होऊ नये. चार दिवसांनी कात काढून तुपात भिजवलेली कापडं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापली. हे वाचून लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी आधी मृतदेहांवर हात बसवला, १८१४मध्ये जिवंत माणसावर तसंच नाक केलं आणि १८१६मध्ये त्यावर पुस्तक छापलं. पेशंटचं नाव छापलं गेलं, कार्प्यूंचं झालं, आपल्या पुण्याच्या कारागिराची मात्र फक्त जात नोंदली. माझी यावर जुनी तक्रार आहे, पण ती ऐकणारे सगळे दोनशे वर्षांपूर्वीच गेले.

'आपल्याकडे सगळं आधीच होतं' या पंथातला मी नाही. मला त्या मेणात रस आहे, कारण आज लाखो रुपयांची यंत्रं जे करू बघतात तेच ते करतं: डोक्यातला बेत अंगावर, बरोब्बर जागी उतरवतं. त्याला आम्ही रजिस्ट्रेशन म्हणतो. तो बेत जागेवर बसला नाही तर काय होतं, ते मराठीनं फार पूर्वी सांगून ठेवलंय. जिवावर बेततं.

आता माझी स्वतःची फजिती. एका परिषदेत एका कंपनीच्या स्टॉलवर मला असा चष्मा घालायला दिला. टेबलावर प्लास्टिकचा मणक्यांचा कणा. चष्म्यातून पाहिलं तर त्यावर निळा, चकाकता, तंतोतंत दुसरा कणा! मी खूश. जवळून बघायला वाकलो, तर निळा कणा हलकेच एका बाजूला सरकला. प्रतिनिधी पोरगा अदबीनं म्हणाला, "सर, डोकं हलवू नका." अरे बाबा, ऑपरेशनभर डोकं न हलवणारा सर्जन फक्त भिंतीवरच्या फोटोत असतो, हार घातलेला. (हशा) तेवढ्यात मागून कुणाचा तरी कोपर टेबलाला लागला. प्लास्टिकचा कणा हलला, निळा होता तिथेच राहिला. अंगठाभर बाजूला, हवेत, शांत. मला आजही आठवतं ते हे, की चुकलेलं चित्र बरोबर चित्राइतकंच देखणं होतं.

अंगठाभर म्हणजे किती? मणक्याच्या मागच्या कमानीला पुढच्या ठोकळ्याशी जोडणारा हाडाचा दांडा असतो, पेडिकल. स्क्रू त्यातून जातो. छातीच्या मधल्या मणक्यांत हा दांडा कित्येकांचा जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. आतल्या अंगाला मज्जारज्जू. तिथे अंगठ्याची भाषा चालत नाही. आज आम्ही काय करतो? सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, एक्स-रे मारत, अंगावर शिशाचा ॲप्रन, हात जखमेत आणि मान वळवून डोळे कोपऱ्यातल्या पडद्यावर. सुईत दोरा ओवताना खिडकीबाहेर बघावं तसं. माझ्या मानेच्या मणक्यांचा एमआरआय तुम्हाला दाखवला असता, पण तो माझ्या विरोधातला पुरावा आहे.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अक्षर अध्यक्षांचं आहे, म्हणजे पाचच समजायची. मुख्य भाग आता पळवतो.

पहिलं, हे कुठे जमतं? हाडात. हाड इमानी, आकार बदलत नाही. म्हणून सुरुवात मणक्यातून झाली. ऑगमेडिक्स कंपनीच्या चष्म्याला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, डिसेंबर २०१९मध्ये परवानगी दिली, आणि जून २०२०मध्ये तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो घालून एका पेशंटच्या मणक्यात सहा स्क्रू बसवले. मेंदूवाले खरं तर आधीपासून मागे लागलेत, १९८६मध्येच अमेरिकेतल्या डार्टमथच्या डेव्हिड रॉबर्ट्स यांच्या गटानं सीटीतली आकृती ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपमध्ये आणून दाखवली होती. पण मेंदू उघडला की आतलं पाणी निघतं, तो खाली बसतो, कधी सेंटिमीटरभर सरकतो. चित्र कालच्या मेंदूचं, हात आजच्या मेंदूत. यकृत तर प्रत्येक श्वासाला वरखाली होतं. तिथे ऑपरेशन चालू असतानाच नवं चित्र घ्यावं लागतं, सोनोग्राफीनं किंवा एमआरआयनं.

दुसरं, डोळ्यांचं. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्ससारख्या चष्म्यात चित्र सुमारे दोन मीटरवर असल्यासारखा डोळ्यांचा फोकस लागतो. माझा हात अर्ध्या मीटरवर. एक स्पष्ट दिसलं की दुसरं पुसट. पन्नाशीनंतर चाळिशीचा चष्मा सांभाळणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

तिसरं, आणि मला सगळ्यात धास्ती याचीच. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही सर्जननी एंडोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीतून आत बघताना, असं चित्र वापरलं, काहींनी नाही. चित्रवाले लक्ष्यापर्यंत जास्त अचूक पोचले. पण समोरच ठेवलेली परकी वस्तू त्यांच्यातल्या फारच थोड्यांना दिसली. नकाशात डोकं घातलेल्या माणसाला रस्त्यावरची म्हैस दिसत नाही, तसं.

मग मी वापरीन का? वापरीन, मणक्यात तर नक्की. एका अटीवर, आणि ती शिकाऊ डॉक्टरांसाठी सांगतो. पाठीच्या हाडाला चिमटा लावलेला असतो, त्यावरच्या खुणा कॅमेरा बघतो आणि त्यावरून चित्राची जागा ठरते. सिस्टरचा हात लागला, कापड ओढलं गेलं, चिमटा केसभर हलला तरी चष्मा तुम्हाला सांगेलच असं नाही. म्हणून प्रत्येक स्क्रूआधी प्रोब, म्हणजे टोकदार सळई, घ्यायचा, उघड्या हाडावरच्या ओळखीच्या उंचवट्यावर टेकवायचा, आणि चित्रात दिसणारं प्रोबचं टोक त्याच उंचवट्यावर टेकलंय का ते बघायचं. टेकलं नसेल तर चष्मा काढून ठेवायचा आणि सी-आर्म मागवायचा. सहा स्क्रू असतील तर सहा वेळा.

दुसरी चिठ्ठी आली. यावर नुसतं 'चहा' लिहिलंय.