मुसकं सुटतं तेव्हा

नमस्कार मंडळी. हरभऱ्याची जागल आठवा. रात्रीचे दोन वाजलेत, मचाणावर गोधडी ओढून तुम्ही पडलात आणि धुऱ्याकडून फुसफुस ऐकू येते. रानडुक्कर! थंडीनं आखडलेले पाय कधी खाली उतरले, कळतसुद्धा नाही. हे बळ येतं कुठून? संध्याकाळची भाकर तर केव्हाच जिरली.

आपल्या स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. तो फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, फॉस्फोरिलेज. एरवी ते सुस्त असतं. त्याला जागं करणाऱ्या विकरांच्या घराण्याचं नाव कायनेज. एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून फॉस्फेट घ्यायचं आणि दुसऱ्या प्रथिनावर नेमक्या जागी बसवायचं, एवढंच यांचं काम. फॉस्फोरिलेजमध्ये ती जागा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला चौदावा मणी, सेरीन नावाचं अमिनो आम्ल. तिथं फॉस्फेट बसलं की प्रथिनाचा आकार पालटतो आणि साखर सुटू लागते. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५०च्या दशकात सिएटलमध्ये हे उलगडलं. १९९२ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या शरीरात अशी पाचशेच्या वर कायनेज आहेत. सगळी मोकाट सुटली तर? डवरताना बैलाला आपण मुसकं बांधतो, नाहीतर तो पऱ्हाटी खात सुटेल. पीकेए नावाच्या कायनेजलाही तसंच मुसकं असतं. त्याचे दोन तुकडे कामकरी, दोन राखणदार. राखणदाराचा एक शेंडा कामकऱ्याच्या तोंडातच घुसून बसलेला असतो. डुकराच्या चाहुलीनं रक्तात अॅड्रेनलिन येतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो. त्याचे दोन-दोन रेणू प्रत्येक राखणदारावर बसले की मुसकं सुटतं. मग पीकेए दुसऱ्या कायनेजला उठवतं आणि ते फॉस्फोरिलेजला. मला तर याहून नवल वाटतं ते पुढचं. डुक्कर पळालं की एक विकर सायक्लिक एएमपी मोडतं, फॉस्फेटेज नावाची विकरं चिकटलेलं फॉस्फेट काढतात, आणि मुसकं परत चढतं.

एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, सीएमएलमध्ये, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि एबल नावाच्या कायनेजचं मुसकंच हरवतं. पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली. कायनेजचं तोंड जिथं एटीपी घेतं, तिथंच ती जाऊन बसते. पण बिघडलेली गुणसूत्रं ती दुरुस्त करत नाही. म्हणून ज्यांच्या घरी हे औषध चालू आहे त्यांना हात जोडून सांगते, बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता एक दिवसही गोळी चुकवू नका.