आख्खी मोहीम नको, एक पातेलं पुरे

नमस्कार मंडळी.

लुईस आणि क्लार्क हे अमेरिकी सैन्यातले दोन कॅप्टन, आपली तुकडी घेऊन मिसूरी नदीवरून पश्चिमेला पॅसिफिक समुद्रापर्यंत जाऊन आले. त्यांच्या मोहिमेतले प्रसंग वाचनालयात, शाळेत, गावच्या मेळ्यात करून दाखवायची इथे अमेरिकेत जुनी रीत आहे. आपल्या मंडळातल्या काही जणांना यंदा त्यात उतरायचंय, म्हणून आज फक्त कामाचं बोलू. इतिहास तुम्ही वाचालच, पण करून दाखवताना काय फसतं ते पुस्तकात सापडत नाही.

पहिली गोष्ट फसते ती पसाऱ्यामुळे. मोहीम निघाली 14 मे 1804 ला आणि सेंट लुईसला परत आली 23 सप्टेंबर 1806 ला. एवढे अठ्ठावीस महिने चाळीस मिनिटांत बसवायला गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्यं येतात, मागे नकाशा लटकतो आणि पुढे जो तो छाती काढून बोलतो. गॅदरिंगपासून आपल्याला संवादफेकीची सवय आहे, एन्ट्रीला टाळी हवी असते. मेळ्यातला प्रेक्षक मात्र उभा असतो, त्याच्या एका हातात आइस्क्रीम आणि दुसऱ्या हातात पोरगं. तो बारा मिनिटं थांबतो, फार तर पंधरा. त्याला थांबवायचं तर समोर एखादं खरं काम चाललेलं पाहिजे. म्हणून एक दिवस, एक जागा आणि एक काम निवडा, आणि तोच प्रयोग दर अर्ध्या तासाने नव्याने करा.

आमची पहिली पसंती मिठाला. 1805-06 चा हिवाळा या लोकांनी कोलंबिया नदीच्या मुखाजवळ फोर्ट क्लॅटसॉपमध्ये काढला. 106 दिवसांपैकी जेमतेम 12 दिवस पाऊस पडला नाही. एल्क या मोठ्या हरणाचं मांस त्या दमट हवेत नासायचं आणि मीठ संपलेलं. 28 डिसेंबरला तीन जण पाच मोठी पातेली घेऊन नैर्ऋत्येला साधारण पंधरा मैलांवर समुद्रकाठी गेले. ओरेगन राज्यातलं आजचं सीसाइड गाव ते हेच. किल्ल्याजवळ नदीचं गोडं पाणी मिसळतं, तिथे उकळत बसणं म्हणजे फुकट लाकडं जाळणं. सीसाइडला पाणी खारट, दगड आणि लाकूड हाताशी, आणि शेजारी तिथल्या क्लॅटसॉप जमातीची घरं. रात्रंदिवस जाळ घालून रोज तीन क्वार्ट ते एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेतीन ते पावणेचार लिटरच्या मापाचं मीठ निघे. लुईसने त्याची चव घेऊन भरभरून लिहिलंय. क्लार्कला मात्र मीठ असलं काय नि नसलं काय, सारखंच.

आपल्या लोकांना हे समजायला एक वाक्य पुरतं: उरण-भाईंदरच्या मिठागरात जे काम ऊन फुकटात करतं, ते इथे लाकडाने करावं लागलं, कारण ऊनच नव्हतं.

आता हिशेब. समुद्राच्या एका लिटरमध्ये मीठ सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे दहा लिटर आटवले तर साडेतीनशे ग्रॅम. पण लोकांसमोर कोरं समुद्राचं पाणी चुलीवर ठेवलंत तर चार-पाच तास वाफेशिवाय काही दिसणार नाही. दहा लिटरचे साधारण दोन उरेपर्यंत तळाशी पांढरी भुकटी बसते, तिला लोक मीठ समजतात. ते चुन्यासारखं दुसरं क्षार असतं, मीठ नव्हे. खरं मीठ एक लिटरच्या आसपास पृष्ठभागावर धरायला लागतं, आधी दुधावरच्या सायीसारखं, मग छोट्या चौकोनी होड्यांसारखं, आणि जड झालं की तळाला जातं. हे बघायलाच लोक वाकतात.

तेव्हा आदल्या दिवशी वीस लिटर पाणी दुहेरी कापडातून गाळून, अंगणात, तीन लिटरवर आणून ठेवायचं. घरात नको, भिंती ओल्या होतात आणि शेगडी गंजते. तळाची भुकटी गाळून टाकायची. प्रयोगाच्या वेळी ते तीन लिटर पसरट भांड्यात चढवलं की वीस-पंचवीस मिनिटांत साय धरते. दोन संच ठेवा, म्हणजे एक उतरेपर्यंत दुसरा तयार असतो. अॅल्युमिनियमचं भांडं चालणार नाही, खाऱ्या पाण्याने त्याला खड्डे पडतात. बिडाचं दिसायला सर्वांत योग्य, पण नीट तेल मुरलेलं नसेल तर मीठ तांबूस येतं. नवशिक्यांनी बाहेरून काजळी धरलेलं स्टेनलेसचं वापरावं, लांबून कुणाला कळत नाही.

शेवटचा टप्पा धोक्याचा. मीठ तळाला चिकटलं की खालची वाफ कोंडते आणि उकळतं खारं पाणी फटकन उडतं. सारखं ढवळत राहायचं, जाळ मंद करायचा आणि दोन मीटरवर दोरी बांधायची. पूर्ण कोरडं करू नका. ओल्या खिचडीसारखं झालं की कापडात ओतून टांगायचं. निथळलेलं पाणी कडू असतं. ते मिठातच आटवलं तर मीठ कडवट होतं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं. तयार मीठ बंद बरणीतून फिरवा, चाखायला देऊ नका. खाद्यपदार्थ वाटायचे तर आरोग्य खात्याचे नियम वेगळे.

चुलीची जागा वारा बघून ठरते. धूर प्रेक्षकांच्या तोंडावर आला की बारा मिनिटांची चार होतात.

सभागृहात जाळ नेता येत नाही, तिथे मोकासिन, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, शिवा. मोहिमेतल्या सार्जंट पॅट्रिक गॅसने मार्च 1806 मध्ये नोंद केलीय की हिवाळ्यात 338 जोड तयार झाले. किल्ल्यात माणसं 33, त्यात एक तान्हं बाळ. म्हणजे माणशी दहा जोड. एवढे का, तर ओलं कातडं ताणतं, शिवण कुजते, आणि मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला निवडुंगाचे काटे तळवा फोडून आत जायचे. आरी, मेणाचा दोरा आणि कातड्याचा तुकडा प्रेक्षकांच्या हातात द्या. दहा टाके घालून बघितले की 338 चा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा चांगला प्रसंग भाषेचा आहे, आणि तो तर आपल्यासाठीच असल्यासारखा. सप्टेंबर 1805 मध्ये बिटररूट खोऱ्यात सेलिश जमातीचे लोक भेटले. कॅप्टन इंग्रजीत बोलायचे. तुकडीतला लाबिश ते फ्रेंचमध्ये सांगायचा. मोहिमेचा दुभाषी शार्बोनो फ्रेंचमधून हिदात्सा जमातीच्या भाषेत. त्याची शोशोनी जमातीची बायको सकागाविया हिदात्सामधून शोशोनीत. आणि सेलिश लोकांत राहणारा एक शोशोनी मुलगा तिथून सेलिशमध्ये. मग उत्तर उलट्या वाटेने परत. चार दुभाषे, पाच भाषा. (सकागावियामधला ग हा ग-च, ज नव्हे. मोहिमेतल्यांच्या रोजनिशांत तो तसाच ऐकू येतो.)

याला वेश लागत नाही. प्रेक्षकांतून सहा जण बोलवा: एक सांगणारा, एक ऐकणारा, मधे चार दुभाषे. इंग्रजी, मराठी, कन्नड, तेलुगू, तमिळ अशी साखळी आपल्या मेळाव्यात सहज जमते. अडचण एकच, इंग्रजी सगळ्यांनाच येतं, त्यामुळे शेवटचा माणूस मधल्यांना ओलांडून हसून मोकळा होतो. म्हणून पहिलं वाक्य चिठ्ठीवर द्यायचं आणि पुढे कानात. लहानपणीच्या कानगोष्टींसारखंच, फक्त प्रत्येक घराला भाषा बदलते. वाक्य शौर्याचं नको, व्यवहाराचं हवं. मोहिमेने तिथे 11 घोडे विकत घेतले आणि 7 बदलून घेतले, म्हणून वाक्य असं ठेवा: ‘आम्हाला 11 घोडे विकत हवेत, शिवाय आमचे 7 दमलेले घोडे बदलून हवेत, आणि पाठीवर जखम असलेला एकही नको.’ शेवटी यातला ‘नको’ बहुतेक वेळा गळलेला असतो आणि 11 नि 7 चे 18 झालेले असतात. जाऊन-येऊन तीन-चार मिनिटं लागतात. या लोकांनी दिवसदिवस बैठकी कशा केल्या असतील ते मग वेगळं सांगायला नको.

पात्रात शिरून बोलायचं की पात्राबाहेर राहून, हा वाद या क्षेत्रात नेहमीचा. ‘मी सार्जंट गॅस’ म्हणून उभं राहिलात तर 1806 नंतरच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देता येत नाही, आणि पोरं नेमकं तेच विचारतात. आपल्याकडे यावर जुना उपाय आहे: सूत्रधार. तो साध्या कपड्यांत, हातात रोजनिशीचा छापील उतारा, आणि वाट्टेल तेव्हा मधे पडायची मुभा. काम करणारे काम करतात, प्रश्न सूत्रधार घेतो.

बंदुकीचं विचारणारे भेटतातच. सभागृहात बंदुकीची दारू अजिबात नाही, बार न उडणारी प्रतिकृतीच आणा. मैदानात बार करायचा असेल तर अग्निशमन खात्याची परवानगी आणि शिकलेला माणूस, याशिवाय नाही. ठासणीची चकमकी बंदूक फसते ती तीन-चार ठरलेल्या कारणांनी. गारगोटीची धार बोथट झालेली असते, रंजक (बार पेटवायला बाहेरच्या वाटीत घालायची बारीक दारू) दमट असते, काना (वाटीतून नळीत जाणारं भोक) काजळीने बुजलेला असतो, किंवा हौसेने रंजक जास्त भरलेली असते. रंजक कान्याच्या खाली राहिली पाहिजे. काना दारूने भरला तर तो वातीसारखा जळतो आणि बार उशिरा होतो. रंजक उडाली आणि बार झाला नाही, तर नळी रिकाम्या दिशेला धरून पूर्ण मिनिट थांबायचं, कुणी काहीही ओरडो. गोळी नाही, गज नळीत घालायचा नाही, दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही, कारण आत ठिणगी उरली असेल तर अख्खं शिंग हातात फुटतं. आणि बंदूकधाऱ्याच्या उजव्या हाताला कुणी उभं राहायचं नाही, कान्यातून जाळ तिकडेच येतो.

कपड्यांवर लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात आणि त्याची सर्वांत कमी गरज असते. त्या काळचा सदरा म्हणजे चौकोन आणि आयत जोडून काखेत चौकोनी कळी. कुडता शिवणारा कुणीही तो शिवेल. जाळाजवळ लोकर उत्तम, पॉलिएस्टर नकोच, ते वितळून कातडीला चिकटतं. झेंडा 15 तारे आणि 15 पट्ट्यांचा. 13 ताऱ्यांचा आणलात तर पहिल्या रांगेतले आजोबा सोडणार नाहीत.

आता अवघड भाग. कुणाची भूमिका कुणी करायची? पिसं लावून, तोंड रंगवून मूळ रहिवासी करू नका. आपण गोरे नाही म्हणून आपल्याला चालतं, हा युक्तिवाद चालत नाही. 2004 साली, मोहिमेच्या द्विशताब्दीच्या वेळी, नदीमार्गे निघालेल्या पुनर्अभिनय करणाऱ्यांना साउथ डकोटात तिथल्या लकोटा जमातीच्या कार्यकर्त्यांनी तोंडावर ‘परत जा’ सांगितलं होतं. त्याच द्विशताब्दीत राष्ट्रीय उद्यान सेवेच्या फिरत्या प्रदर्शनात एक तंबू होता, त्यात जमातींचे लोक स्वतःची बाजू स्वतः सांगत. आपला मार्गही तोच. ज्यांच्या जमिनीवर कार्यक्रम आहे त्या जमातीच्या सांस्कृतिक कार्यालयाला तीन-चार महिने आधी लिहा, येणाऱ्याला मानधन द्या आणि वेळ त्यांच्याकडे सोपवा. कुणी येऊ शकलं नाही तर ती जागा रिकामी ठेवा आणि सूत्रधाराने उतारा वाचावा. 14 मे 1805 चा उतारा घ्या: वाऱ्याच्या अचानक झोताने होडी कलंडली, सुकाणूवर शार्बोनो घाबरून देवाचा धावा करत बसला, आणि मागे बसलेल्या सकागावियाने वाहून चाललेलं सामान एकेक करून पकडलं. नुसतं वाचलं तरी लोक ऐकतात.

यॉर्कलाही गाळू नका. तो क्लार्कचा गुलाम होता, सगळा प्रवास त्याने केला, नोव्हेंबर 1805 मध्ये हिवाळी मुक्कामाची जागा ठरवताना त्याचं मत नोंदलं गेलं, आणि परत आल्यावर त्याने मोकळीक मागितली तेव्हा क्लार्कने नकार दिला. पोरं विचारतात, ‘बाकीच्यांना काय मिळालं?’ सैनिकांना दुप्पट पगार आणि जमीन मिळाली. सूत्रधाराने हे दोन्ही एका दमात सांगावं आणि पुढे काही बोलू नये.

प्रयोग संपला की दोन माणसं चुलीपाशी थांबतील. पाणी ओतायचं, निखारे ढवळायचे, पुन्हा ओतायचं, आणि हाताची मागची बाजू राखेच्या वर धरून बघायची. ऊब लागली तर अजून एक बादली.