आधी टाइप करा, मग समजून घेऊ

शिकवणाऱ्या बाई एक ओळ टाइप करतात आणि थांबतात. समोरचे सगळे तीच ओळ आपापल्या लॅपटॉपवर टाइप करतात. कुणी प्रथिनांवर काम करणारं, कुणी जुन्या कागदपत्रांवर. आज मात्र प्रत्येकाला स्वतःच्या संशोधनाची वेबसाइट उभी करायची आहे.

संशोधकांना असं हाताला धरून शिकवण्याची वाट ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ साली, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत, ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ या प्रशिक्षण उपक्रमाच्या वर्गांतून घालून दिली. लॅपटॉपवर चिकटवलेले हे रंगीत कागदही त्याच परंपरेतले. एक रंग म्हणजे ‘झालं’, दुसरा म्हणजे ‘अडलंय’. मोठ्या पदव्या मिळवलेल्या माणसाला चारचौघांत ‘मला जमत नाही’ म्हणणं जड जातं. इथे हात वर करावा लागत नाही. कागद दिसला की मदतनीस येते.

या लॅपटॉपवर ‘अडलंय’चा कागद आहे. फोटो स्वतःच्या मशीनवर दिसत होता, पान इंटरनेटवर चढवलं तसा गायब झाला. मदतनीस उत्तर सांगत नाही. ‘दोन्ही नावं एकाखाली एक वाचा,’ एवढंच म्हणते. कोडमध्ये फाइलचं नाव लहान अक्षरांत आहे, प्रत्यक्ष फाइलचं पहिलं अक्षर कॅपिटल. विंडोज एरवी हा फरक मानत नाही. वेबसाइट ज्या संगणकावरून चालते, त्या सर्व्हरवरची लिनक्स ही कार्यप्रणाली मानते. उद्या डेटाच्या विश्लेषणाचा प्रोग्राम सर्व्हरवर चालवताना हीच अडचण येईल, तेव्हा ती ओळखीची असेल. वेबसाइट निवडली ती यासाठीच: चूक लगेच डोळ्यांना दिसते आणि तिने कुणाचं संशोधन बिघडत नाही.

जेवणानंतर गिट. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं हे साधन कोणता बदल कोणी, कधी केला ते नोंदवून ठेवतं. का केला, ते मात्र आपणच लिहायचं असतं, आणि बाई त्यावर अडून बसतात. ‘बदल केला’ एवढी नोंद त्यांना चालत नाही.

मग जोड्या लावतात. प्रथिनांवर काम करणारीने इतिहासाच्या अभ्यासकाच्या पानावरची तुटलेली लिंक शोधून दुरुस्ती पाठवली. त्याने ती तपासून स्वीकारली आणि उलट विचारलं, ‘तुमच्या आलेखाला वर्णन नाही. दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर काय वाचणार?’

आलेखात नेमकं काय दिसतं, हे एका वाक्यात लिहायला तिला आजच्या सगळ्या कोडपेक्षा जास्त वेळ लागतोय.