ढोल ऐकायचा नाही

(दृश्य : नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचा जलाशय, पहाट. पाण्यावर धुकं. मोबाइलच्या उजेडात माणसं नाव पाण्याकडे नेताहेत.)

जानेवारीत सकाळी सहाला इथे पाण्यापेक्षा हवा गार असते. बोटं इतकी आखडतात की पॅडलची मूठ धड पकडता येत नाही. तरीही ड्रॅगन बोटींच्या शर्यती सकाळी लवकरच उरकाव्या लागतात. ऊन चढलं की उघड्या जलाशयावर वारा सुटतो आणि ही लांबलचक, बुटकी नाव बाजूच्या वाऱ्याने लगेच तिरकी होते.

ड्रॅगन बोटीची लांबी साधारण साडेबारा मीटर. रुंदी सर्वांत फुगीर जागीसुद्धा सव्वा मीटरपेक्षा कमी. रिकाम्या नावेचं वजन अडीचशे किलोच्या आसपास भरतं. दहा ओळींत दोन-दोन असे वीस पॅडलर, नाकाडावर मागे तोंड करून बसलेला ड्रमर आणि शेपटाला उभा सुकाणूवाला, असे बावीस जण चढले की पाण्यावर पावणेदोन टन होतात.

नाशिकला वल्ह्यांचं नवल नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नाव वल्हवत उतरले होते, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्यांनी सुवर्णपदक आणलं. पण ते रोइंग. तिथे वल्हं नावेला अडकवलेलं असतं आणि खेळाडू पाठीच्या दिशेने पुढे जातो. इथे पॅडल हातात मोकळं असतं आणि तोंड पुढे. चीनमध्ये पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी होणाऱ्या सणातली ही शर्यत १९७६ मध्ये हाँगकाँगने आंतरराष्ट्रीय केली. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ती पदकांसाठी खेळली गेली.

(दृश्य : काठावर वजनकाटा. वहीत बैठकीचा तक्ता.)

शर्यतीचं पहिलं काम वहीत होतं. प्रत्येकाचं वजन आजचं हवं, गेल्या दिवाळीतलं चालत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूच्या बेरजेत दहा-पंधरा किलोंहून जास्त फरक पडला तर नाव कलते. मग एका बाजूची पॅडल खोल जातात आणि दुसऱ्या बाजूची पाणी नुसतं खरवडतात. पुढच्या तीन ओळींत हलकी, लांब पोचणारी, तालाला पक्की माणसं. चौथी ते सातवी ओळ म्हणजे इंजिन, कारण नाव तिथे रुंद असते. वजनदार मंडळी तिथे बसतात. शेवटच्या तीन ओळींना पुढच्यांनी ढवळलेलं, पळतं पाणी मिळतं. त्यात पातं रोवायला जास्त झपाटा लागतो. हौशी संघात नवख्याला ‘मागे बस, तिथे कुणाला दिसणार नाही’ असं सांगतात. तो सल्ला चुकीचा आहे.

पॅडलची लांबी नियमाप्रमाणे १०५ ते १३० सेंटीमीटर आणि पात्याची रुंदी जास्तीत जास्त १८ सेंटीमीटर. निघण्याआधी मूठ पिळून बघायची. ती किंचित जरी फिरली तरी ते पॅडल बाजूला ठेवायचं.

खाण्याचं थोडक्यात. शर्यतीआधी दीड-दोन तास कमी तेलाचे पोहे किंवा केळी, मध्ये खजूर, पाणी घोटघोट. मिसळ शेवटच्या फेरीनंतर. नाशिककरांना हे पटायला वेळ लागतो. एकदा तर्री पोटात घेऊन पाचशे मीटर वाकून वल्हवलं की कायमचं पटतं.

(दृश्य : संघ दोन-दोनच्या रांगेत, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना.)

चढताना पाय नावेच्या मध्यरेषेवर टाकायचा आणि लगेच बसायचं. बाहेरच्या बाजूची मांडी काठाला चिकटलेली, त्याच बाजूचा पाय पुढे रेटून धरलेला. हा पाय सुटला तर सगळा ओढा पाठीवर येतो. मग पहिल्या ओळीपासून दहाव्यापर्यंत आकडे पुकारायचे, प्रत्येकाने शेजाऱ्याचा चेहरा नीट बघून ठेवायचा. नाव उलटली तर आधी आपला जोडीदार शोधायचा, नावेला धरून राहायचं. काठ जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही, कारण मग डोकी मोजता येत नाहीत.

आता ढोल. नाशिकच्या संघात ढोल पथकात वाजवलेली दोन-चार माणसं हटकून असतात. त्यांची सवय मोडणं हेच प्रशिक्षकाचं सर्वांत अवघड काम. पथकात कान पुढे, हात मागे. नावेत ताल ठरवतात ते पहिल्या ओळीतले दोघे, ज्यांना पेसर म्हणतात. ड्रमर त्यांची पाती बघून टोला देतो. म्हणजे टोला ऐकून ज्याने पातं टाकलं, तो आधीच उशिरा पोचलेला असतो. मिनिटाला सत्तर फटक्यांच्या गतीत एक फटका जेमतेम पाऊण-एक सेकंदाचा. त्यात प्रत्येक ओळ थोडी थोडी मागे पडत गेली की बाजूने बघणाऱ्याला नाव सुरवंटासारखी दिसते.

म्हणून नजर. डावीकडच्याने नावेच्या मधून उजव्या पेसरचा वरचा हात बघायचा, उजवीकडच्याने डाव्याचा. स्वतःचं पातं बघायला मान खाली घालणारा दोन फटक्यांत चुकतो.

(दृश्य : सुरुवातीची रेषा. तीन नावा वाऱ्याने सरकताहेत.)

सुरुवातीची रेषा म्हणजे सुकाणूवाल्याची परीक्षा. मागे साधारण नऊ फुटी दांडा घेऊन तो उभा असतो. वारा नाकाड फिरवत असेल तर पुढच्या एखाद्याला बाजूने पाणी ओढायला सांगून तो नाव सरळ करतो. शर्यतीत दांडा जितका कमी हलेल तितकं चांगलं. उशिरा आणि जोरात वळवलेला दांडा ब्रेकसारखा लागतो.

‘आर यू रेडी?’ ‘अटेन्शन!’ भोंगा.

पहिले पाच फटके लांब, खोल, संथ वाटावेत असे. पावणेदोन टन जागचे हलवायचे आहेत. इथे हौशी संघ सर्रास फसतात. भोंगा वाजला की हात सुटतात, फेस उडतो, नाव मात्र तिथेच. नाव सरकू लागल्यावर बारा-पंधरा छोटे, जलद फटके आणि मग पुन्हा लांबी.

पाचशे मीटर हौशी संघाला साधारण अडीच मिनिटं लागतात. म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास फटके. दमछाक तीनशे मीटरच्या पुढे दिसते. तिथे वेग वाढल्यासारखा वाटतो, खरं तर फटके आखूड झालेले असतात. दंडांनी ओढणं सुरू होतं, कंबर फिरत नाही. ड्रमरने तेव्हा ‘जोर लावा’ म्हणून उपयोग नसतो. ‘पुढे पोचा’ एवढंच ओरडायचं. पॅडल हातून सुटलं तर गप्प ताठ बसायचं. वळून ते पकडायला गेलेला माणूस नाव डोलवतो आणि मागच्याचं पॅडलही अडकतं. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये शेजारच्या लेनकडे बघायचं नाही. बघितलंच तर ताल तिथेच तुटतो.

रेषा ओलांडली तरी ‘लेट इट रन’ (वल्हवणं थांबवा) ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही.

दोन फेऱ्यांच्या मध्ये नावेतलं पाणी उपसलंच पाहिजे. घोट्यापर्यंत साचलेलं पाणी म्हणजे कितीतरी जादा माणसं फुकट वाहून नेणं, शिवाय ते पुढे-मागे हिंदकळतं. तळाशी एक मग आणि स्पंज बांधून ठेवायचा. हा स्पंज हमखास कुणीतरी गाडीतच विसरतं.

(दृश्य : दुपार. झाडाखाली मिसळीच्या ताटल्या. एका मोबाइलभोवती आठ-दहा डोकी.)

काठावरून बाजूने घेतलेली क्लिप पाव गतीने चालवतात. पातं पाण्यात शिरतं त्या क्षणी थांबवायचं आणि ओळी मोजायच्या. एक ते सहा एकसाथ. सातवीत उजवीकडचं पातं अजून हवेत, आठवी-नववी त्याच्यामागे लोंबकळलेली. सातवीतल्याचा चेहरा बघा : मान खाली, कान ढोलाकडे. वहीतल्या तक्त्यात त्याचं नाव खोडलं जातं आणि पुढच्या रविवारसाठी दुसऱ्या ओळीत, उजव्या पेसरच्या थेट मागे लिहिलं जातं.